बासष्ट चाकू आणि माझा हात

४ ऑगस्ट, सोमवार

ही वही सूनबाईनं, म्हणजे ज्ञानदानं, पुण्याहून पाठवली. म्हणाली, "आई, रोज एक पान लिहीत जा, हाताला बरं असतं." हाताला काय झालंय माझ्या? पण कागद चांगला आहे, वाया कशाला घालवायचा? रोज लिहिणार नाही. चाकू येतील तेव्हा लिहीन आणि डोकं फिरेल तेव्हा. म्हणजे बहुतेक रोजच.

आज एकसष्टावा आला. तानाजी पोस्टमन दारातूनच ओरडला, "बाई, तुमचं हत्यार आलंय!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. वाईच्या शाळेत पस्तीस वर्षं मी चित्रकला शिकवली, तानाजीलाही शिकवली. त्याला साधा माठ कधी जमला नाही, पण आवाज पहिल्यापासून खणखणीत.

पार्सल उघडायची माझी रीत ठरलेली आहे. कात्री लावायची नाही. आधीच्या चाकूनं नव्याचं पार्सल उघडायचं. साठाव्यानं एकसष्टाव्याची सुतळी कापली. आत तेलाच्या बाटलीचं खोकं, त्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला घडीचा चाकू. दोन पाती, हाडाची पिवळी पडलेली मूठ, पात्याच्या बुडाशी इंग्लंडातल्या शेफिल्डचा अर्धा पुसलेला शिक्का. सोबत आकारामची चिठ्ठी: "बाई, हा विहिरीच्या कोनाड्यात गावला. धार लावली हाय. जपून उघडा."

आकाराम आटपाडीचा. डाळिंबाच्या, द्राक्षांच्या बागांमधून कलमं बांधत फिरतो आणि फिरता फिरता जुने चाकू हुडकतो. आमच्या मोबाइलवरच्या जुन्या चाकूंच्या गटात फोटो टाकतो, मी घेते. गेल्या दोन वर्षांतले एकोणीस त्याचेच. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण माणूस मला आवडतो.

पातं उघडायला चार वेळा खटपट करावी लागली. नखाची खाच झिजलेली दिसते. सांध्यात तेल सोडून ओट्यावरच्या फळीवर ठेवलाय. पहिल्या दिवशी फक्त तेल, धार दुसऱ्या दिवशी बघायची. पाहुण्याला आल्या आल्या कामाला लावू नये.

७ ऑगस्ट, गुरुवार

बोट कापलं. डाव्या हाताची तर्जनी. दोष एकसष्टाव्याच्या स्प्रिंगचा आहे, एकदम खटकन मिटते. यांनी पट्टी बांधली. हे म्हणजे आमचे गंगाधरपंत, नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यातून निवृत्त झालेले, बोलायचं म्हणजे स्वतःच्या खिशातून काहीतरी जातंय असं वागणारे. पट्टी बांधताना बराच वेळ हात धरून बसले. मी म्हटलं, सोडा आता, पोळ्या करायच्यात.

हल्ली हे चहा अर्धा कपच देतात. दूध महागलंय का विचारलं तर म्हणाले, "दोनदा घे की, अर्धा अर्धा." कपाचे कान हल्ली इतके बारीक करतात की धरायचं कशानं, हा प्रश्नच आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

आमचा मुलगा सुमंत आणि ज्ञानदा येऊन गेले. दिवस खराब केला.

सुमंतनं तीन पट्ट्या मोजल्या. पहिल्यांदा माझ्या बोटांकडे पाहिलं, मग पेटीकडे. पेटी म्हणजे माझी पत्र्याची ट्रंक, तिच्यात कापडी कप्पे शिवून सगळे चाकू ठेवलेत, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी.

"आई, सदुसष्टाव्या वर्षी हे चाकू कशाला?"

"मग काय करू? जपमाळ ओढू?"

"तसं नाही गं. पण सांभाळायला कुणी हवं ना. पुण्यात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, ते नीट काचेच्या कपाटात ठेवतील. दसऱ्याला गाडी घेऊन येतो, पेटी नेतो."

नेतो म्हणे! विचारतो नाही, नेतो. मी सांगितलं, "मला सरणावर ठेवाल ना, तेव्हा न्या. तोवर हात लावलात तर बघा." हे खिडकीबाहेर बघत बसले. बायकोची बाजू घ्यायला यांना चाळीस वर्षांत मुहूर्त मिळालेला नाही.

ज्ञानदा पोरगी वाईट नाही, पण हिचं लक्ष नको तिथं असतं. पेटीतल्या चिठ्ठ्या काढून ओळीनं मांडल्या. "आई, बघा ना, पहिल्या चिठ्ठीवरचं अक्षर केवढं आहे आणि साठाव्यावरचं केवढं झालंय. एकदा साताऱ्याला डॉक्टरांना दाखवू या."

चिठ्ठ्या छोट्या झाल्या म्हणून अक्षर छोटं झालं, इतकं साधं आहे. चिठ्ठ्या तेवढ्याच आहेत म्हणाली. मी पेटी बंद केली.

पहिला चाकू मी सांगलीत घेतला, गणपती पेठेत, पहिल्या पगारातून. माहेरी सगळे म्हणाले, पोरीच्या जातीला खिशातला चाकू कशाला, हिला खिसा तरी आहे का? त्याच आठवड्यात मी परकराला खिसा शिवून घेतला. शार्पनर ही आळशांची सोय आहे. त्यात पेन्सिल एकाच टोकाची निघते. चाकूनं लांब शिसं ठेवता येतं, आखूड ठेवता येतं, चपटं ठेवता येतं. शाळेत वर्ग सुरू व्हायच्या आधी मी चाळीस पेन्सिली तासून ठेवायचे. एकाचंही टोक मोडायचं नाही.

१८ ऑगस्ट

आज एक पेन्सिल तासली. टोक मोडलं. परत तासली, परत मोडलं. लाकूड हल्ली भिकार येतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

बासष्टावा काल आला. लष्करातला, काळ्या मुठीचा, पाठीला दोरखंडाची गाठ सोडवायचा दाभण. आकारामनं लिहिलंय की एका जुन्या फौजीच्या घरातून मिळाला. काल तेल दिलं, रात्रभर फळीवर ठेवला, आज धार बघितली. कागद कापेना! कागद दुमडून पुढे पळतोय. कोथिंबिरीची काडीसुद्धा चेंगरली. चमचा परवडला.

मग पेटीतले काढून बघितले. एकसष्ट बोथट. साठ बोथट. जर्मनीतल्या सोलिंगनचा माझा लाडका चौतीस नंबर, ज्यानं मी गेल्या दिवाळीला पणतीची वात कापली होती, तोही बोथट. हे कसं काय? या वर्षी कृष्णेला पाणी जास्त आहे, घरात ओल येते, त्यानं पाती उतरत असतील. पण नव्याचं काय? तो तर परवाच आटपाडीहून निघाला, आणि तिथे कसली आलीय ओल.

यांचा अंगठा कापलाय. म्हणाले, कारली चिरताना लागलं. चाळीस वर्षांत यांनी कारलं खाल्लंसुद्धा नाही. म्हातारपणी स्वयंपाकात लक्ष घालायला लागलेत हे चांगलंच आहे, म्हणून मी काही बोलले नाही.

उद्या गणपती. मोदक यंदा विकत आणायचे असं यांनी परस्पर ठरवलं. माझ्या मोदकाच्या पाकळ्या बघायला शेजारपाजारचे यायचे. विकतचे तर विकतचे.

३ सप्टेंबर, बुधवार

आज मी गटात लिहून टाकलं. दोनशे चौदा माणसं आहेत त्या गटात, मुंबईपासून बेळगावपर्यंतची. लिहिलं ते असं: "आटपाडीचे आकाराम यांच्याकडून चाकू घेताना सावध. धार लावली आहे म्हणून सांगतात, पण माल बोथट येतो. सलग दोन आले. जुन्या माणसांना फसवणं सोपं असतं असं त्यांना वाटत असेल. — चारुशीला, वाई."

टाइप करायला अर्धा तास गेला. हे मोबाइल बोटांनी चालवायचे केलेत की टाचणीनं, कळत नाही. पण लिहिलं. मी काही कुणाची मिंधी नाही.

यांना वाचून दाखवलं. हे उठून उभे राहिले, परत बसले. "असं चारचौघांत कशाला लिहायचं?" म्हणाले. मी म्हटलं, चारचौघांत विकतो ना तो? मग चारचौघांतच सांगणार. त्यावर हे चपला घालून बाहेर गेले आणि जेवायलाही उशिरा आले.

८ सप्टेंबर, सोमवार

आकारामचा फोन आला. पहिल्यांदाच आवाज ऐकला. मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

"बाई, मी आकाराम बोलतुय आटपाडीवनं. तुमी गटात काय लिवलंय ते एका बागायतदारानं मला दावलं."

"खरं तेच लिहिलंय."

"बाई, मी हातावरची लव काडून बगतो. लव निगाली तरच डब्यात घालतो. तुमच्या दोनी चाकवांनी लव निगाली हुती."

"मग इथे येईपर्यंत धार उडून गेली का वाऱ्यावर?"

 तो म्हणाला, "आवं, आता तासगावकडं द्राक्षाची कलमं चालू हायती. कलम बांदनाऱ्याचं समदं धारंवर असतंय. काप चेंगरला की काडीवरचा डोळा जळतो, झाड वाया जातं. ह्यो बागायतदार दर साली मला बोलवतो. ह्या साली मला म्हनला, आकाराम, तुज्या चाकवाला धार न्हाई म्हनं. हसत म्हनला, पर दुसरी टोळी बोलावली. पैशाचं जाऊ द्या. माज्या धारंला आजवर कुनी नाव ठिवलं नव्हतं."

मी म्हटलं, मग धार ठेवायची होती. फोन ठेवल्यावर मात्र ताट तसंच झाकून ठेवलं. चूक त्याची आणि त्रास मला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आकारामचं पार्सल आलं. मी काही मागवलं नव्हतं.

आत लाकडी मुठीचा, घडीचा, कलमाचा चाकू. जुना नाही, वापरातला. मूठ इतकी गुळगुळीत की हाताचा आकार तिच्यात बसलाय. पात्याला एकाच बाजूनं धार, दुसरी बाजू सपाट. सोबत चिठ्ठी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली द्राक्षाची एक काडी, तिरकी कापलेली. चिठ्ठीत लिहिलंय: "बाई, हा इकायला न्हाई. ह्यानं मी एकोनीस वर्सं कलमं बांदली. धार बगा आन परत धाडा. सोबत काडी हाय, ह्याच चाकवानं कापल्याली. काप बगा. तवर मी भावाच्या चाकवानं भागवतो."

हंगामात स्वतःचा चाकू धाडला. माणसाला एवढी खुमखुमी असावी! माझ्यासारखाच दिसतोय. बघू उद्या. रीत म्हणजे रीत, याच्याही सांध्यात तेल सोडलं आणि फळीवर ठेवला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बोथट! साफ बोथट! कागदावर टेकवला तर कागद नुसता सरकला. सापडला की नाही लबाड? हे देवळात गेलेत, आले की दाखवते.

संध्याकाळी. काडी भिंगाखाली धरली. मघापासून धरूनच बसलेय. काप आरशासारखा आहे. एकही धागा ओढलेला नाही, साल कुठे सुटलेली नाही. बोथट पात्यानं असा काप होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणजे आटपाडीत धार होती. माझ्या घरात नाही.

मधे कोण आहे? पोस्ट. तानाजीला उद्या धरते.

१७ सप्टेंबर, बुधवार

तानाजीला दारातच अडवलं. "माझी पार्सलं कोण उघडतं रं तुमच्या पोस्टात?"

"आवं बाई, कोन उगडतंय? तुमच्या पार्सलला हात लावायची टाप हाय का कुनाची?" मग आपला हसला. "पर काकांचं मातुर कवतिक हाय. ह्या वयात तुमच्यासाटनं रोज सकाळी घाटावर बसून पात्यांना धार लावत्यात. मी सायकलीवनं जाताना बगतो न्हवं. पायरीवर घासून घासून, लय मन लावून."

मी म्हटलं, हो, लावतात. दार लावून घेतलं. पाणी प्यायले. पेल्यातलं निम्मं पातळावर सांडलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पहाटे हे निघाले आणि पाठोपाठ मीही निघाले. घाटावर उजाडत होतं. दोघं-तिघं स्नानाला उतरलेले, बाकी शुकशुकाट. हे खालून तिसऱ्या पायरीवर बसलेले, मांडीवर माझा फडका, हातात माझा सात नंबर. पात्याची धार काटकोनात धरून काळ्या दगडावर घासत होते. खर्र, खर्र. आवाजानं माझ्या दातांत कळ गेली.

"अहो!" मी ओरडले. स्नानाची मंडळीसुद्धा थांबली.

यांनी चाकू लपवला नाही. एवढं मात्र मान्य करते. फडक्यावर ठेवला आणि म्हणाले, "बस."

"बसत नाही! किती केले?"

"हा शेवटचा. बाकी झाले."

एकसष्ट चाकू माझे आणि एक त्या बिचाऱ्याचा पोटापाण्याचा. म्हणजे सातावा धरून त्रेसष्ट पात्यांची, नाही, दोन-दोन पात्यांचे कितीतरी आहेत, मोजायची शुद्ध नव्हती. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हे सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बारा वेळा पट्टी बांधली मी, चारू. जूनपासून बारा वेळा. गेल्या खेपेला हाड दिसलं होतं. तू तिकडे तोंड करून स्प्रिंगला शिव्या देत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही."

"मग मला सांगायचं."

"काय सांगायचं? चाकू बंद कर म्हणायची माझी छाती नाही. आणि तुझा हात हलतो हे तुला सांगायची तर मुळीच नाही."

यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि मला यांना त्या पायरीवरून पाण्यात ढकलावंसं वाटलं. खरंच वाटलं. मी सात नंबर उचलला आणि एकटी घरी आले.

१९, २० सप्टेंबर

बोलणं बंद. जेवण दोन ताटांत, दोन खोल्यांत.

२१ सप्टेंबर, रविवार

आज मोठा कागद घेतला आणि एक सरळ रेघ मारली. पट्टी न लावता, खांद्यातून हात फिरवून, जशी मी फळ्यावर मारायचे आणि पोरं आ करून बघायची. ती रेघ इथे चिकटवणार नाही. चुलीत घातली असती, पण गॅस आहे.

मला माहीत होतं. आठ-दहा महिने झाले, माहीत होतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या रांगोळीत ठिपका जागेवर पडेना, तेव्हाच कळलं होतं. मी यांना, सुमंतला, कपांना, पेन्सिलींना, कृष्णेला, सगळ्यांना बोल लावला. आणि आकारामला. भीती वाटते, हे लिहून ठेवते. हाताशिवाय मी कोण, याची भीती वाटते.

पण माझ्या घरात माझ्या चाकूंची धार मला न विचारता घालवायची, हे मला मान्य नाही. कापेल तर माझं बोट कापेल.

संध्याकाळी यांच्यासमोर पाण्याचं भांडं, दोन दगड आणि आकारामचा चाकू ठेवला. "घालवलीत ना धार? आता लावा. आधी हा, मग बाकीचे."

"मला येत नाही."

"मी शिकवते."

२४ सप्टेंबर, बुधवार

इतका ढ विद्यार्थी पस्तीस वर्षांत पाहिला नाही. कलमाच्या चाकूला एकाच बाजूनं धार, सपाट बाजू दगडावर पाटासारखी निजली पाहिजे, हे सतरा वेळा सांगितलं. हे दोन्हीकडून घासायला जातात. मी ओरडते, हे थांबतात, परत दगड ओला करतात. माझा हात त्यांच्या हातावर ठेवून कोन दाखवायला गेले तर कोनच डुगडुगायला लागला. दोघंही थांबलो. मग यांनी दुसऱ्या हातानं माझा हात वरून दाबून धरला आणि म्हणाले, "आता सांग." तसं जमलं.

आज संध्याकाळी यांच्या हातावरची लव निघाली. यांना इतका आनंद झाला की अर्ध्या हाताची काढून टाकली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चाकू आटपाडीला रवाना. तानाजीला म्हटलं, जीव गेला तरी हे पोचलं पाहिजे. म्हणाला, "बाई, पावती घ्या, जीव कशाला?"

२६ सप्टेंबर, शुक्रवार

साताऱ्याला डॉक्टरकडे गेले. कुणी नेलं नाही, एसटीनं माझी मी गेले. हे मागच्या सीटवर होते, मी बोलावलं नव्हतं.

डॉक्टर सुमंतहून लहान. मला कागद दिला आणि म्हणाला, "आजी, यावर एक गोगलगाईसारखी गोल गोल रेघ काढा, आतून बाहेर." मला! मी म्हटलं, बाळा, ही रेघ मी हजारभर पोरांकडून काढून घेतलीय. काढली. त्यानं बराच वेळ बघितली. मीही बघितली. मी त्या रेघेला दहापैकी दोन दिले असते.

कंपवात म्हणाला. गोळ्या आहेत, त्यानं कमी होईल, पण पूर्ण थांबेल असं सांगत नाही म्हणाला. सुरुवात आहे, हात चालता ठेवा. मी विचारलं, "चाकू?" त्यानं यांच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, इकडे बघ, हात माझा आहे. तो म्हणाला, "डाव्या हातात जाड मोजा घाला आणि बसून करा." शहाणा मुलगा आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

आकारामचा फोन. "चाकू मिळाला बाई. धार बरी हाय. कुनी लावली?"

"आमच्या ह्यांनी."

"पयलीच येळ दिसतीया."

मग मी त्याला सगळं सांगितलं. घाट, पायरी, यांचं खर्र खर्र. हाताबद्दल मात्र मी म्हणाले, जरा अशक्तपणा आहे. म्हटलं, आकाराम, चुकलं माझं, माफ करा.

तो म्हणाला, "बाई, तुमी माज्या आईच्या वयाच्या. पाया पडायचं तर मी पडीन. पर नाव ठिवलं ते दोनशे मानसांत आन माफी फोनात, हे कसं वो? माज्याकडं अजून टोळ्यांची मानसं बगून हसत्यात."

मी म्हटलं, बघते. हे उत्तर नव्हे, हे मलाही कळतं.

त्या गटात माझे सहा जुने विद्यार्थी आहेत. सांगलीच्या माझ्या वर्गमैत्रिणीचा भाऊ आहे. उद्या सगळ्या वाईत होईल की चारुशीलाबाईंचा हात गेला. दुपारभर बसून दुसरंच काहीतरी जुळवत होते: "टपालातल्या ओलीमुळे धार गेली असावी, गैरसमज झाला." छान होतं. खोटं होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. सकाळी पेटीतले सगळे बासष्ट पाटांवर मांडले, उघडून. उघडायला यांना आणि मला मिळून दीड तास लागला. चव्वेचाळिसांना धार आलीय, अठरा बाकी आहेत. हळदकुंकू, झेंडूची फुलं. माझ्या बोटांतून कुंकू सांडून निम्मे चाकू लाल झाले, ते तसेच ठेवले.

सुमंत दसऱ्याच्या आदल्या दिवशीच आला, सकाळी दहाला, गाडी घेऊन. डिकी उघडीच ठेवून आत आला. पाट बघून दचकला. "आई, सगळे उघडे?"

"आज उघडेच असतात."

"बाबांनी सांगितलं मला डॉक्टरांचं. आता तरी ऐक. मी पेटी घेऊन जातो, तुझ्यासाठीच म्हणतोय."

हे बोलले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मुहूर्त लागला. म्हणाले, "सुमंत, पेटी कुठंही जाणार नाही. मी तोच शहाणपणा करून बसलोय." एवढंच बोलून दगड ओला करायला गेले. सुमंत माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच यांना पढवलंय.

मी मोबाइल घेतला. म्हटलं, बस, मला एक काम आहे, मग तुझ्याशी भांडते. एका एका अक्षराला तीन तीनदा बोट मारत होते. सुमंत म्हणाला, "दे, मी टाइप करतो." म्हटलं, हात लावू नकोस. पाऊण तास लागला. तो समोर बसून राहिला. ज्ञानदाचा दोनदा फोन आला, त्यानं कापला.

लिहिलं ते इथे उतरवते:

"नमस्कार. मी चारुशीला, वाई. तीन सप्टेंबरला मी इथे लिहिलं की आटपाडीचे आकाराम बोथट चाकू विकतात. ते खोटं होतं. त्यांच्या प्रत्येक चाकूला धार होती. माझा हात थरथरतो, वर्ष होत आलं. मी बोटं कापून घेत होते म्हणून माझ्या घरच्या माणसानं मला न सांगता धार घालवली आणि मी शहानिशा न करता आकाराम यांच्यावर आळ घेतला. स्वतःचा हात कबूल करायचा नव्हता म्हणून त्यांचा हात वाईट ठरवला. ज्या बागायतदारांनी त्यांना काम दिलं नाही, त्यांनी परत बोलवावं. मी त्यांची सर्वांसमोर माफी मागते. माझी थरथर पूर्ण थांबेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मीही चाकू घ्यायचं थांबवणार नाही. मला पाठवाल तो धार लावूनच पाठवा."

पाठवून दिलं. मग मोबाइल सुमंतच्या हातात दिला. त्यानं वाचलं, परत वरपासून वाचलं. मान मोबाइलवर वाकलेलीच होती. माझं पोर चाळिशीला टेकलंय, कानाजवळचे केस पांढरे झालेत, हे मला आज दिसलं.

"वर्षभर?" म्हणाला. "मला सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तू गाडी वर्षभर आधी आणली असतीस."

त्यावर हसला. डोळे पुसत हसला. बाहेर गेला, डिकी लावल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा बाह्या सरसावलेल्या होत्या. बाबांशेजारी बसला आणि म्हणाला, "अठरा राहिलेत ना? कसं धरायचं, सांग."

मी सांगायला लागले. तो पातं काटकोनात धरून घासत होता, बापासारखाच. मी ओरडले.